चार इयत्ता, दोन गुरुजी

शहरांतील शाळेची बातमी वर्तमानपत्रांत छापून येते. परीक्षेचा निकाल, स्नेहसंमेलन, नव्या इमारतीची कोनशिला, अशा निमित्तानें ती घरोघर वाचली जाते. गांवाबाहेरच्या वस्तीवरील शाळेची बातमी दाराशेजारच्या फळ्यावर खडूनें लिहिलेली असते आणि दुसऱ्या दिवशीं पुसली जाते. वार व तारीख, एकूण पट, हजर मुलें, एक सुविचार, त्या दिवसाचें विशेष आणि जमल्यास वस्तीवरील एखादी घडामोड, एवढाच तिचा मजकूर. पट अठरा, हजर पंधरा, असें समजा तेथें लिहिलें आहे. शहरांतील वाचकाला त्यांत वाचण्यासारखें कांहीं दिसणार नाहीं. वस्तीवरील माणसाला मात्र गैरहजर असलेल्या तिघांचीं नांवें आणि कारणें न सांगतां कळतात. एकाला ताप आहे, एकजण मामाच्या गांवीं गेला आहे आणि एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळण्यासाठीं घरीं राहिली आहे.

अशा शाळेचा दिवस कसा जातो, दोन शिक्षक चार इयत्ता कशा सांभाळतात आणि ही शाळा राहावी कीं मोठ्या शाळेंत मिळून जावी हा वाद कां निघाला, हें शहरांतील कुटुंबांनीं जाणून घेण्यासारखें आहे. सोलापूर जिल्हा हें त्यासाठीं चांगलें उदाहरण होय.

हा जिल्हा अकरा तालुक्यांचा. पाऊस बेताचा आणि लहरी, जमीन ज्वारीची, मंगळवेढ्याची ज्वारी तर सर्वत्र नांवाजलेली. भीमेवर उजनी येथें धरण झालें, १९८० नंतर कालव्यांचें पाणी फिरूं लागलें, विहिरी व कूपनलिका वाढल्या, ऊस आला आणि राहणीची तऱ्हा बदलली. पूर्वीं शेतकरी गांवांत राही आणि शेतावर जाई. पाणी आल्यावर रात्रीं-अपरात्रीं पिकाला पाणी देण्याची गरज पडूं लागली, जनावरें शेतावर बांधलीं गेलीं आणि घरहि त्यांच्या मागोमाग शेतावर गेलें. भाऊबंदांचीं चार घरें एकत्र आलीं म्हणजे वस्ती झाली. बहुधा तिला त्यांचेंच आडनांव मिळतें. गांवची शाळा मात्र जेथल्या तेथें, दोन-तीन किलोमीटरांवर राहिली. वाटेंत ओढा लागत असला तर पावसाळ्यांत तेवढें अंतरहि सहा वर्षांच्या मुलाला पुष्कळ होतें.

शाळा वस्तीपर्यंत पोंचावयास बराच काळ लागला. १९२३ सालीं मुंबई इलाख्यांत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि खेड्यांतील शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या ताब्यांत आल्या. १ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व ह्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. तरीहि वस्त्या, तांडे आणि वाड्या बऱ्याच अंशीं बाहेरच राहिल्या. त्यांच्यासाठीं २००० सालाच्या सुमारास वस्तीशाळा निघाल्या. शिक्षण झालेला एखादा स्थानिक तरुण अल्प मानधनावर झाडाखालीं, देवळांत किंवा कोणाच्या तरी पडवींत मुलांना शिकवूं लागला. पुढें ह्या वस्तीशाळांचें नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झालें. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या नियमांनीं घरापासून एक किलोमीटरच्या आंत प्राथमिक शाळा असावी असें ठरविलें; आणि साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक मिळावे, असें कायद्याच्या परिशिष्टांतच नमूद आहे. म्हणून वस्तीवरील शाळेंत बहुधा दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पहिली ते चौथी अशा चार इयत्ता दिसतात.

ह्या शाळेचा दिवस परिपाठानें सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका व प्रार्थना झाल्यावर सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा आणि पाढे असा क्रम असतो. मोठ्या शाळेंत परिपाठाला शेंकडों मुलें रांगेंत उभीं राहतात आणि त्यांपैकीं चार-पांच बोलतात. बाकीच्यांच्या वांट्याला ऐकणें येतें. अठरा मुलांच्या शाळेंत प्रत्येकाची पाळी आठवड्यांतून एक-दोनदां येतेच. लाजाळू मूलहि कायमचें मागें उभें राहूं शकत नाहीं, कारण मागें उभें राहावयास रांगच पुरेशी लांब नसते.

दिनविशेषाचा उपयोग इतिहास जवळ आणण्यासाठीं होतो. १२ जानेवारी हा जिजाऊंच्या व विवेकानंदांच्या जयंतीचा दिवस. पण सोलापूर जिल्ह्यांतील मुलांना त्या दिवसाचा आणखी एक अर्थ सांगावा लागतो. मे १९३० मध्यें सोलापुरांत लष्करी कायदा पुकारला गेला. त्या प्रकरणांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशी दिलें गेलें. आपल्या जिल्ह्याच्या शहरांत घडलेली ही गोष्ट ऐकल्यावर स्वातंत्र्याची चळवळ पुस्तकापुरती राहत नाहीं. पुढच्या वेळीं सोलापूरला गेलेलें मूल चार पुतळ्यांच्या चौकाजवळ थांबतें आणि वडिलांनाच चार नांवें सांगतें.

बातम्यांच्या वाचनांत त्याहून अधिक शिक्षण आहे. वर्तमानपत्रांतील दोन ओळी वाचून झाल्या कीं मुलांनीं आपापल्या घरची बातमी सांगावी, अशी पद्धत जाणते शिक्षक ठेवतात. शेळीला दोन करडें झालीं, विहिरीची मोटार जळाली, आजी पंढरपूरला वारीला गेली, असल्या त्या बातम्या. पहिलींतील मूल त्या नुसत्या सांगतें. दुसरींतील मूल त्यांतील एक वाक्य पाटीवर लिहितें. तिसरी-चौथीचीं मुलें कोणी, काय, कोठें, केव्हां व कां ह्या पांच प्रश्नांचीं उत्तरें येतील अशी बातमी वहींत उतरवितात आणि चांगली साधली ती भित्तिपत्रकावर लावली जाते. लेखन म्हणजे पुस्तकांतील उतारा नकलणें नव्हे, स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला समजेल अशी मांडणें होय, हें मुलाला येथें कळतें.

आतां चार इयत्तांचा प्रश्न. शहरांतील पालकाला वाटतें कीं एका वेळीं दोन वर्ग शिकविणें म्हणजे दोन्ही वर्ग अर्धे शिकविणें. शिक्षक केवळ व्याख्यान देणार असेल तर हें खरेंच आहे. एका वर्गाला धडा सांगावा, तोंवर दुसऱ्यानें हाताची घडी घालून बसावें, असें चाललें तर दिवसाचा अर्धा वेळ फुकट जातो. म्हणून अशा शाळेंत एकच विषय चार पायऱ्यांवर मांडावा लागतो. मापनाचा पाठ घेतला आहे असें समजावें. पहिलीचीं मुलें पेला, तांब्या आणि कळशी ह्यांत कमी-जास्त पाणी कशांत मावतें तें पाहतात. दुसरीचीं मुलें कळशी भरावयास किती तांबे लागले तें मोजतात. तिसरीला लिटर व मिलिलिटर समजतात. चौथीच्या हातीं दूध संकलन केंद्रावरची पावती दिली जाते. तींतील लिटर, दर आणि रक्कम ताडून पाहावयाची असते. पाणी एकच, भांडींहि तींच. पण प्रत्येक इयत्तेचें काम वेगळें. शिक्षक एका गटाजवळ बसतो तेव्हां दुसरा गट रिकामा नसतो.

ह्यांत एक लाभ सहज पदरांत पडतो. दुसरींतील मुलाच्या कानांवर पहिलीचा पाठ पुन्हां पडतो आणि राहिलेलें पक्कें होतें. हुशार मूल शेजारच्या वरच्या इयत्तेचें ऐकून पुढें सरकतें. शिवाय मोठें मूल लहानाला वाचावयास मदत करतें. ही रीत आपल्याकडे जुनीच. पंतोजींच्या शाळेंत ती होती. अँड्र्यू बेल नांवाचा धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. देशी शाळेंतील मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवितात हें पाहून त्यानें आपल्या शाळेंत तसाच प्रयोग केला आणि शिकविण्याचें काम मोठ्या मुलांकडे सोंपविलें. १७९७ मध्यें लंडनला त्यानें ह्या प्रयोगाचें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि मद्रास पद्धति म्हणून ती इंग्लंडांतील शाळांत पसरली. पुढें तेथें ती शिक्षकांचे पगार वाचविण्याचें साधन झाली, मुलें यंत्राप्रमाणें पाठ घोकूं लागलीं आणि तिची प्रतिष्ठा गेली. ह्या इतिहासांतून घेण्यासारखा बोध असा, कीं मोठें मूल लहानाला शिकवितें तेव्हां दोघांचेंहि भलें होतें. पण शिक्षकाची जागा रिकामी ठेवण्यासाठीं त्याचा उपयोग केला, तर नुकसानहि दोघांचेंच होतें.

कामांतून शिकण्याची ही दिशा महाराष्ट्रांत अलीकडे पुष्कळ शाळांनीं धरली. सातारा जिल्ह्यांत कुमठे बीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळांच्या गटानें २०१२ पासून तिचा पाठपुरावा केला. फरशीवर अक्षरें व अंक रंगविलेले, हातांत बिया, खडे व काड्या, आणि मुलें घोळक्यानें जमिनीवर बसून काम करीत आहेत, असें तेथील वर्गांचें रूप होतें. अनेक जिल्ह्यांतील शिक्षक तें पाहावयास गेले आणि आपापल्या शाळेच्या फरशा रंगवून घेऊं लागले. फरशी रंगविणें सोपें. तिच्यावर मुलांना रोज काम देणें अवघड, हें त्यांच्याहि ध्यानांत आलें असेल.

वर्गाबाहेरचे उपक्रमहि असेच शिक्षणाला जोडलेले असतात. आषाढींत मुलांची दिंडी निघते. पंढरपूर ह्याच जिल्ह्यांत असल्यानें त्या दिंडीला घरचें वातावरण असतें. हिंवाळ्यांत मुलांचा आठवडे बाजार भरतो. घरची मेथी, कोथिंबीर, बोरें, लिंबें घेऊन मुलें पोतें अंथरून बसतात आणि वस्तीवरील माणसें गिऱ्हाइकें होतात. दहा रुपयांना एक जुडी, पंचवीसला तीन, हा हिशेब करतांना कोणाला कागद लागत नाहीं. वर्गांत हातच्याची वजाबाकी चुकणारें मूल बाजारांत सुटे पैसे बिनचूक परत देतें. जाणत्या शिक्षकाला येथें कळतें कीं त्याला वजाबाकी येते, तिची कागदावरची मांडणी मात्र येत नाहीं. आणि दुसऱ्या दिवशीं तो तेथूनच सुरुवात करतो.

भाषेचा प्रश्न ह्या जिल्ह्यांत विशेष आहे. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर ह्या तालुक्यांत कानडी घरोघर बोलली जाते व कानडी माध्यमाच्या शाळाहि आहेत. तांड्यावरील मुलें घरीं बंजारा बोली बोलतात. पारधी, वडार, कैकाडी कुटुंबांच्या बोली आणखी वेगळ्या. अशा मुलाला मराठी शाळेंतील पहिला दिवस परक्या मुलखासारखा वाटतो. पटावर मुलें थोडीं असलीं म्हणजे शिक्षकाला प्रत्येकाच्या घरचे पांच-पन्नास शब्द शिकून घेतां येतात. आणि पाण्याला, भाकरीला, आईला मूल घरीं काय म्हणतें हें गुरुजींना ठाऊक असलें, कीं त्याचें तोंड उघडतें.

दुपारीं शाळेंत भोजन असतें. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्राथमिक शाळांत शिजविलेलें अन्न द्यावें असा आदेश दिला आणि कोरडा तांदूळ घरीं देण्याची पूर्वीची पद्धत मागें पडली. प्राथमिक वर्गांतील मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य धरून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें मिळावीं, असें माप ठरविण्यांत आलें. अठरा मुलांच्या शाळेंत हा तांदूळ दोन किलोसुद्धां भरत नाहीं. तरी ह्या खिचडीसाठीं सर्व जातींचीं मुलें एका पंगतीला बसतात, ही गोष्ट किलोंत मोजण्यासारखी नाहीं.

दिवाळीच्या सुमारास मात्र फळ्यावरील आंकडा बदलूं लागतो. सोलापुरांत साखर कारखाने पुष्कळ आहेत. हंगाम सुरू झाला कीं बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि ह्या जिल्ह्यांतील कोरडवाहू भागांतूनहि कुटुंबें बाहेर पडतात. तीं फडावर कोपी घालून राहतात व उन्हाळा लागतांना परततात. त्यांच्या मुलांचें निम्मं वर्ष शाळेविना जातें. त्यासाठीं कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, गांवांत हंगामी वसतिगृहें निघालीं. पण मुलाला मागें ठेवावयाचें तर आजी-आजोबा धडधाकट पाहिजेत आणि शाळा घराजवळ पाहिजे. वस्तीवर शाळा असली तर म्हातारी आजी नातवंडाला ठेवून घ्यावयास धजते.

लहान शाळेंतून मोठी कल्पना निघूं शकते, ह्याचा दाखला ह्याच जिल्ह्यांतील आहे. माढा तालुक्यांतील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत रणजितसिंह डिसले हे २००९ मध्यें शिक्षक म्हणून रुजू झाले. त्यांनीं पाठ्यपुस्तकांतील पानांवर क्यूआर संकेतचिन्हें छापून घेतलीं. हें काळ्या-पांढऱ्या चौकटींचें चिन्ह १९९४ मध्यें जपानांत मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं शोधलें गेलें. त्याच्या तीन कोपऱ्यांतील चौकोनांवरून कॅमेऱ्याला चिन्हाची बाजू ओळखतां येते. आणि माहितीची राखीव नोंद त्यांतच असल्यानें चिन्ह थोडें फाटलें किंवा मळलें तरी वाचतां येतें. पाठ्यपुस्तकांतील अशा चिन्हांत बहुधा केवळ एक पत्ता असतो. मोबाइल त्यावर धरला कीं त्या पत्त्यावर ठेवलेली कविता ऐकूं येते, गोष्ट वा पाठ दिसतो. पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांत हीं चिन्हें आलीं आणि देशपातळीवरील पुस्तकांतहि आलीं. ३ डिसेंबर २०२० रोजीं डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर. तिच्यांतील निम्मी आपल्याबरोबर अंतिम फेरींत आलेल्या इतर नऊ शिक्षकांना वांटून देण्याचें त्यांनीं त्याच वेळीं जाहीर केलें.

त्याच वर्षीं साथीमुळें शाळा बंद होत्या. मोबाइल वडिलांबरोबर कामावर जातो, मुलाच्या हातीं रात्रीं येतो, ही अडचण तेव्हां सर्वांना कळली. सोलापूर शहरांतील नीलमनगर ह्या कामगार वस्तींत आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनीं घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगविले. येतां-जातां मुलें भिंत वाचूं लागलीं. एक साधन आधुनिक, दुसरें जुनें. दोहोंच्या मुळाशीं असलेला विचार एकच, कीं मूल शाळेपर्यंत येऊं शकत नसेल तर शाळेनें त्याच्या घरापर्यंत जावें.

आतां वादाचा मुद्दा. राज्यांत वीस किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारें पंधरा हजार शाळा असून त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक मुलें शिकतात, असें सरकारी माहितींतून पुढें आलें. सप्टेंबर २०२३ मध्यें अशा शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्यानें मागविले. पुणें जिल्ह्यांतील पानशेत व नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ येथील समूह शाळांचा त्यासाठीं दाखला देण्यांत आला. शिक्षक व पालक ह्यांनीं त्यावर आक्षेप घेतले.

एकत्रीकरणाच्या बाजूचें म्हणणें पोकळ नाहीं. इयत्तेंत एकच मूल असलें तर त्याला बरोबरीचा सोबती नसतो. खेळाचा संघ होत नाहीं. ग्रंथालय, प्रयोगाचें साहित्य, कला व खेळाचे शिक्षक प्रत्येक वस्तीवर देणें शक्य नसतें. दोन शिक्षकांपैकीं एक निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामाला गेला कीं चारहि इयत्ता एकट्यावर पडतात. हें सर्व खरें आहे आणि शाळेवर प्रेम करणाऱ्यांनीं तें लपवूं नये.

परंतु दुसरी बाजूहि तितकीच खरी. वाहन मिळेल असें सांगितलें जातें. तें पावसांत ओढ्यापलीकडे येईल काय, वाहनचालक रजेवर गेल्यास काय, हें प्रश्न आई विचारते. मुलगा सायकलवर जाईल. मुलगी मात्र घरीं बसेल, ही भीति निराधार नाहीं. शाळा दूर गेली कीं शाळा व्यवस्थापन समितीहि दूर जाते. कायद्याप्रमाणें ह्या समितींत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शेतावरून येऊन अर्धा तास बसणारी आई सात किलोमीटरांवरील सभेला जाणार नाहीं, आणि तिच्या वतीनें बोलणारेंहि तेथें कोणी नसेल.

म्हणून केवळ पटाच्या आंकड्यावरून निर्णय करणें बरें नव्हे. रस्ता कसा आहे, वाहन कोणाच्या जबाबदारीवर येणार, नव्या शाळेंत जुनीहून अधिक काय मिळणार आणि एक वर्षानंतर जुन्या पटावरील प्रत्येक मुलगी तेथें हजर आहे काय, ह्या चार गोष्टी प्रत्येक वस्तीसाठीं स्वतंत्रपणें तपासावयास हव्या. जेथें ह्यांचीं उत्तरें समाधानकारक असतील तेथें मुलांना मोठ्या शाळेचा लाभ अवश्य मिळावा. जेथें नसतील तेथें दोन्ही शिक्षक जागेवर ठेवावे, त्यांना इतर कामांतून मोकळें करावें आणि चार इयत्ता एकत्र शिकविण्याचें खास शिक्षण द्यावें. शेजारच्या चार-पांच लहान शाळांनीं महिन्यांतून एक दिवस एकत्र जमून खेळ, ग्रंथ व प्रयोग वांटून घेतले, तर सोबत्यांची उणीवहि थोडी भरून निघेल.

शहरांतील अनेक सुशिक्षित घरांचे आजे-पणजे अशाच एका खोलीच्या शाळेंत पाटी घेऊन गेले होते. तेव्हां त्या शाळेचा पट किती आहे हें कोणी मोजलें असतें, तर पुष्कळ घरांचा इतिहास वेगळा झाला असता. आंकड्याला नांवाची गरज नसते. हजेरी घेतांना मात्र एकेक नांव घ्यावें लागतें. वस्तीवरील अठरा मुलांचा निर्णय करणाऱ्यांनीं आधीं एकदां ती हजेरी ऐकावी.